सामायिक दुर्बीण : आरसा, दव आणि नोंदवही

प्रश्न : घोडबंदर रोडलगतच्या आमच्या वसाहतीतील ११ जणांनी वर्गणी काढून ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण घेतली असून ती गच्चीवरील खोलीत असते. पावसाळा संपल्यावर झाकण काढले, तेव्हा आरशावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. दोष कोणाचा, यावरून वाद सुरू आहे. आरसा पुसावा का? आणि पाळ्या कशा लावाव्यात?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : कृपया आरसा पुसू नका. ते धागे बहुधा बुरशीचे आहेत. काचेवरील अ‍ॅल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकाच जाड असतो, त्यामुळे कोरडा रुमाल एकदा फिरवला तरी धुळीच्या कणांनी त्यावर ओरखडे उठतात. बोटांतील अंगठ्या काढून दोघांनी मिळून आरसा सोडवावा, कोमट पाण्याच्या संथ धारेखाली धूळ वाहू द्यावी, मग भांडी घासण्याच्या सौम्य द्रावणाचे दोन-तीन थेंब घातलेल्या पाण्यात आरसा बुडवून त्यावरून स्वच्छ कापसाचा बोळा मुळीच दाब न देता सरकवावा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा कडेवर तिरका उभा करावा आणि आपोआप वाळू द्यावा. बुरशीने थर खाल्ला असेल तेथे डाग राहतील, पण थोड्याशा डागांनी शनीची कडी दिसायची थांबत नाहीत. आरसा परत बसवल्यावर कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणे) मात्र नव्याने करावेच लागेल.

आता दोषाविषयी. ठाण्याला खाडीचा शेजार आहे, हवा दमट. पहाटे दवाने ओली झालेली दुर्बीण तशीच झाकली, की ओल आत कोंडते आणि बुरशीला तेवढे पुरते. म्हणून एखाद्या सभासदाला बोल लावण्यापेक्षा ‘नळी आडवी ठेवून पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावायचे नाही’ हा नियम करा. जून ते सप्टेंबर आरसा आणि नेत्रिका (डोळा लावायची भिंगे) हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून घ्यावे.

पाळ्यांबाबत मला पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची रीत अनुकरणीय वाटते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ती दुर्बीण असून तेथे वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात आणि काय पाहायचे व का, हे वाचून समिती वेळ वाटून देते. तुम्हाला समिती नको, एक नोंदवही पुरेल : कोणाला काय पाहायचे आहे, हे त्याने आधी लिहावे. चंद्र आणि गुरू चांदण्यातही उत्तम दिसतात, तेव्हा शुक्ल पक्षातील रात्री मुलांना आणि नवख्यांना द्याव्यात. अंधुक तेजोमेघ ठाण्याच्या दिव्यांत हरवतात, त्यामुळे अमावास्येच्या आसपासचा शनिवार कर्जत मार्गावरील वांगणीसाठी राखून ठेवावा. त्याच वहीत दुर्बीण कोणी बंद केली, दव होते का आणि झाकण किती वाजता लावले, हेही प्रत्येकाने सही करून लिहावे.