गेमचा पास घेण्याआधी
दर महिन्याला पैसे भरून शेकडो गेम खेळायला देणारा पास घ्यायचाय? आधी मागच्या महिन्यात खरंच काय खेळलास ते बघ. रोज रात्री फोर्टनाइटच खेळत असशील तर पास कशाला? फोर्टनाइट तर फुकट आहे, आणि प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला त्याला प्लेस्टेशन प्लस ही पैसे भरून घ्यायची मेंबरशिपही लागत नाही. शेकडो गेमची यादी बघून मीही भुललो होतो. वर्षभरात धड दोनच संपवले, बाकीच्यांनी नुसती हार्ड डिस्क भरली. शिवाय यादीतले गेम मधूनच काढले जातात. तुझा सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) राहतो, पण पुढे खेळायचं तर गेम विकत घ्या! हां, सतत नवं काहीतरी चाखायची खोड असेल तर एक्सबॉक्स गेम पाससारखं पॅकेज परवडतं. एकच महिना घे आणि ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी बंद कर. भरलेला महिना तरीही पूर्ण वापरता येतो.