जुन्या गाडीचे पार्ट बदलताना पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत?

तुमची पेट्रोल स्विफ्ट २०१४ची, ८५,००० किलोमीटर झालेली. क्लच जड झालाय, पुढचे ब्रेक पॅड संपलेत, खड्ड्यात खालून खडखड येते. सर्व्हिस सेंटरने मोठा आकडा सांगितला आणि गॅरेजवाला निम्म्यात करून देतो म्हणतो. स्वस्तातले पार्ट टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय.

काही खुशाल टाका, काही अजिबात टाकू नका. किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी बघा: तो पार्ट बसवायला किती उघडावं लागतं, आणि तो गेला तर सोबत काय घेऊन जातो.

क्लचपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळ्यात मोठा खर्च तोच. पेडल फक्त जड असेल, रेस वाढवल्यावर गाडी तितकी पळत नाही असं होत नसेल, तर आधी क्लच केबल तपासायला सांगा. आतून गंजलेल्या केबलनेही पेडल जड होतं आणि ती बदलणं किरकोळ काम आहे. प्लेटच संपली असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ती मजुरी पार्ट स्वस्त असला तरी तेवढीच. हलक्या दर्जाची प्लेट वर्षभरात घसरू लागली की तीच मजुरी पुन्हा. म्हणून प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग हा सेट एकदमच बदला. ‘बेअरिंग अजून चांगलं आहे’ हे ऐकू नका. गिअरबॉक्स खाली असतानाच फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) निळे डाग किंवा तडे आहेत का ते बघा, आणि क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गळतंय का तेही. गळत्या सीलचं तेल नव्या प्लेटवर गेलं तर कितीही चांगली प्लेट वाया जाते.

आता ‘ओरिजिनल’ म्हणजे काय? गाडीची कंपनी क्लच, पॅड, शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) असे बरेच पार्ट स्वतः बनवत नाही, बाहेरच्या उत्पादकांकडून घेते. वालेओ, लूक, एक्सेडी क्लच बनवतात, गॅब्रिएल शॉकअप बनवते. असे उत्पादक स्वतःच्या खोक्यातही माल विकतात आणि तो अनेकदा कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतो. माझ्या मते जुन्या गाडीसाठी हाच सगळ्यात शहाणा सौदा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला पार्टच्या बाजारात जाण्याआधी चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. नुसतं ‘स्विफ्टचं द्या’ म्हणालात तर दुसऱ्या मॉडेलचा पार्ट हातात पडतो.

ब्रेक पॅडमध्ये तडजोड नको. नकली पॅडचं अस्तर गरम झाल्यावर पकड सोडतं, कधी मागच्या पत्र्यापासून सुटतंही. घाटात उतरताना हे कळून उपयोग नाही. अस्तर ३ मिलिमीटरवर आलं की पॅड बदला. डिस्कची जाडी मोजून घ्या. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा. पिन अडकली तर एक पॅड आधी झिजतो आणि दोष नव्या पॅडला जातो. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत असे आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावा, मध्ये थंड होऊ द्या.

खडखडीसाठी लगेच शॉकअप बदलू नका. आधी सस्पेन्शनमधला लिंक रॉड आणि चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश हलवून बघा. बहुतेक वेळा आवाज तिथलाच असतो. लिंक रॉड बाहेरच्या चांगल्या ब्रँडचा चालतो. लोअर आर्म चाकाला जोडणारा बॉल जॉइंट मात्र नामांकित उत्पादकाचाच घ्या, तो सुटला तर चाक जागेवर राहत नाही. तिथेच एक्सलचं रबरी बूट फाटलंय का बघा. फाटलेलं बूट वेळेत बदललं तर थोडक्यात भागतं. राहिलं तर ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग एक्सलच्या पूर्ण जॉइंटचा खर्च.

ऑइल फिल्टरमध्ये फरक किरकोळ, तिथे वाचवून काय मिळणार? हलक्या दर्जाच्या फिल्टरमध्ये तेल मागे जाऊ न देणारं रबर अनेकदा नीट बसत नाही, आणि सकाळी चालू करताना इंजिन काही क्षण कोरडं फिरतं.

वायपर, केबिन फिल्टर, आरशाचं कव्हर, बंपरच्या क्लिपा यांत बिनधास्त वाचवा. हेडलाइट किंवा दरवाजा भंगारातला चांगला मिळाला तर घ्या. ब्रेकचे पाइप, सीटबेल्ट आणि एअरबॅग मात्र भंगारातून कधीच नाही. हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा. १०० वॅटचा टाकला तर होल्डर वितळू शकतो.

पार्ट तुम्ही आणा किंवा गॅरेजवाला आणो, जीएसटीचं बिल, रिकामं खोकं आणि काढलेला जुना पार्ट हातात घ्या, आणि काम सुरू होण्याआधीच हे सांगून ठेवा. खोक्यावरचा पार्ट नंबर बिलावरच्या नंबराशी जुळत नसेल तर पैसे देण्याआधी तिथेच विचारा.