तालुका की तहसील, आणि ‘जिल्हा’ कोणाला म्हणावे?

सांगलीतील एका शिक्षकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. ‘तालुका’ आणि ‘तहसील’ हे शब्द समानार्थी मानावेत काय, हा पहिला. आणि परदेशांचा कारभार शिकवताना तेथील विभागांना सरसकट ‘जिल्हा’ म्हणावे काय, हा दुसरा.

सातारा-सांगलीकडच्या मराठीत तालुका आणि तहसील यांतील भेद अजून जिवंत आहे आणि तो जपला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुका हा मुलूख आहे, तर तहसील ही त्या मुलखाची महसुली कचेरी आहे. पाऊस जत तालुक्यात पडतो, दाखला मात्र तहसील कचेरीतून आणावा लागतो. शब्दांची मुळेही हेच सांगतात. अरबीत ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे, वसुली; ‘तालुका’ ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ संबंध, आणि त्यावरून एखाद्याच्या ताब्यातील मुलूख. विदर्भात मुलखालाही तहसील म्हणतात. ती तिकडची जुनी रूढी आहे आणि तिला चूक म्हणण्याचे कारण नाही. आपल्याकडे जुनी माणसे अजून ‘मामलेदार कचेरी’ म्हणतात, परंतु 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हुद्द्याचे नाव ‘तहसीलदार’ असेच आहे.

हा भेद आपल्या दोन जिल्ह्यांत विशेष उपयोगी पडतो, कारण येथे कित्येक तालुक्यांचे नाव एक आणि मुख्य ठाणे दुसरे आहे. खटाव तालुक्याची तहसील वडूजला, माणची दहिवडीला, जावळीची मेढ्याला आणि खानापूरची विट्याला आहे. खटाव आणि खानापूर या नावांची गावेही असल्यामुळे ‘खटावला गेलो होतो’ आणि ‘खटाव तालुक्यात गेलो होतो’ ही दोन वेगळी विधाने ठरतात. लिहिताना ‘तालुका’ हा शब्द गाळला, की बाहेरच्या वाचकाची हमखास फसगत होते.

आता ‘जिल्हा’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, आणि त्यावरून बाजू; भूमितीतील आकृतीच्या बाजूलाही तोच शब्द आहे. योगायोग असा, की आपल्या गावांच्या नावांत टिकून राहिलेला ‘तर्फ’ हाही बाजू याच अर्थाचा अरबी शब्द आहे. साताऱ्याजवळचे ‘करंजे तर्फ सातारा’ सर्वांना ठाऊक आहे. हिंदीत जिला, बांगलात जेला, नेपाळीत जिल्ला, जतच्या सीमेपलीकडे कन्नडात जिल्ले. मराठीने मात्र ‘ल’ला ‘ह’ जोडला. म्हणून सामान्यरूप ‘जिल्ह्या-’ असे होते. ‘जिल्हात’, ‘जिल्हाचा’ ही रूपे अलीकडे फलकांवर आणि बातम्यांत फार दिसतात; ती अशुद्ध आहेत आणि शाळेतच दुरुस्त व्हायला हवीत.

‘देशाचे जिल्हे’ हा शब्दप्रयोगही जपून करावा. आपल्याकडे देशाची राज्ये आणि राज्याचे जिल्हे अशी रचना आहे. नवे राज्य संसदेच्या कायद्याने होते, तर राज्यातला नवा जिल्हा राज्य शासनाच्या अधिसूचनेने. महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा 26 जिल्हे होते, आज 36 आहेत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. सांगली हे दक्षिण साताऱ्याचे मुख्य ठाणे होते, पण जिल्ह्याला सांगलीचे नाव मिळाले ते 1960 मध्ये.

परदेशांविषयी मी पुढील कसोटी लावीन. आपल्या मनातल्या जिल्ह्यात वरच्या सरकारने नेमलेला एक अधिकारी असतो, आणि महाराष्ट्रात 1962 पासून त्याच्या जोडीला लोकांनी निवडलेली जिल्हा परिषदही आहे. फ्रान्समध्ये 1790 मध्ये जुने प्रांत मोडून 83 विभाग पाडण्यात आले. त्यांतील बहुतेकांना नद्यांची आणि डोंगरांची नावे दिली गेली, जसे आपल्या माण तालुक्याला नदीचे नाव आहे. या प्रत्येक विभागावर पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट असतो आणि निवडून आलेली परिषदही असते. त्याला मराठीत जिल्हा म्हणणे सर्वस्वी योग्य आहे. जपानच्या 47 विभागांचे तसे नाही. तेथील गव्हर्नर 1947 पासून थेट लोक निवडतात आणि या विभागांच्या वर देशाचेच सरकार असते. त्यांना जिल्हा म्हटले, तर गव्हर्नर म्हणजे कलेक्टर असा मुलांचा समज होईल. तेथे ‘प्रांत’ बरा.

पण ‘प्रांत’ वापरताना आमच्या भागात एक खुलासा करावाच लागतो. येथे ‘प्रांत’ म्हणजे प्रदेश नव्हे, तर माणूस. ‘प्रांतांकडे अपील केले’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला उपविभागीय अधिकारी अभिप्रेत असतो, ज्याच्याकडे बहुधा एकाहून अधिक तालुके असतात. म्हणून वर्गात अधिकाऱ्यासाठी ‘प्रांताधिकारी’ हा पूर्ण शब्द वापरावा आणि नुसता ‘प्रांत’ हा शब्द कॅनडा, पाकिस्तान किंवा जपान यांच्या विभागांसाठी राखून ठेवावा.