नेक लिफ्टनंतरचे दिवस: नववा दिवस, बधिर कान आणि उशांचा ढीग

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ५७. नेक लिफ्ट, म्हणजे मानेची सैल त्वचा ओढून घट्ट करायचं ऑपरेशन, करून आज नववा दिवस. परवा टाके काढले. हनुवटीखाली हात लावला की एकदम कडक लागतं, आत कोणी लाकडी पट्टी बसवलीये की काय असं. डावी बाजू उजवीपेक्षा जाड दिसते. डावा कान तर माझा नाहीच असं वाटतं, काल कानातलं घालताना टोचून रक्त आलं ते मला कळलंच नाही, ह्यांनी दाखवलं. गिळताना गळा आवळल्यासारखा होतो. दिवसातून दहा वेळा आरशात बघते आणि रडू येतं, चांगलं चाललेलं असताना आपल्याच हाताने काय करून घेतलं! काही बिघडलंय का?

उत्तर: आधी ते कानातलं काढून ठेवा, बाकीचं मग बोलू. पाळीला स्पर्श नीट कळेपर्यंत कानात काही घालायचं नाही, आणि हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी, बर्फाचा पॅक हे थेट त्या भागावर अजिबात नको. बधिर कान भाजला तरी आपल्याला पत्ता लागत नाही, फोड आल्यावर कळतं.

कान असा का झाला ते सांगते. मानेच्या बाजूने वर कानाच्या पाळीकडे एक नस जाते, ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह म्हणतात तिला. कानामागून त्वचा उचलताना तिच्या बारीक फांद्या ताणल्या जातात, काही तुटतातही, त्यामुळे पाळी आणि कानाखालचा भाग काही आठवडे ते काही महिने बधिर राहतो. नस वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे फार हळू, तेव्हा तिच्याकडून नवव्या दिवशी कामाची अपेक्षा करू नका. पुढे कधीतरी मुंग्या येतील, खाज येईल, मधूनच करंट बसल्यासारखं होईल. तेव्हा घाबरून मला पुन्हा पत्र लिहू नका, नस जागी होतेय. काही जणींना छोटासा भाग थोडा बधिर कायमचा राहतो हेही खरं, पण काही महिने गेले आणि अख्खी पाळी तशीच असली तर तुमच्या सर्जनना नक्की दाखवा.

आता ती लाकडी पट्टी. मानेत त्वचेखाली पातळ पडद्यासारखा स्नायू असतो, प्लॅटिस्मा. वयाबरोबर त्याच्या दोन कडा सुटतात आणि हनुवटीखाली त्या दोऱ्या दिसायला लागतात. बहुतेक नेक लिफ्टमध्ये ह्या कडा मधोमध एकमेकींना शिवतात, थोडी चरबी काढतात आणि वरची त्वचा मागे ओढून बसवतात. म्हणजे तुमच्या हनुवटीखाली आत्ता आतून शिवण आहे, सूज आहे आणि भरत आलेला कच्चा टिश्यू आहे, मग कडक लागणारच की. गिळताना आवळल्यासारखं वाटतं तेही बहुतेक ह्याच शिवणीमुळे. हा कडकपणा दुसऱ्या आठवड्यानंतर उलट वाढल्यासारखाही वाटतो आणि मग हळूहळू मऊ पडत जातो, दोन-तीन महिने धरून चाला. मालिश करायचं की नाही, कधीपासून, हे सर्जन सांगतील तेव्हाच. शेजारणीने सांगितलं म्हणून आत्ताच चोळत बसाल तर पस्तावाल.

दोन बाजू सारख्या नसणं तर इतकं कॉमन आहे की सारख्या असल्या तरच मला आश्चर्य वाटेल. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, काळंनिळं साधारण १० ते १४ दिवसांत, पण शेवटची बारीक सूज जायला ३ ते ६ महिने लागू शकतात. त्यामुळे जबड्याची रेघ कशी आली ह्याचा निकाल आत्ता लावायचा नाही. दिवसातून दहा वेळा आरसा बघून फरक कधीच दिसत नाही हो. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात एक फोटो काढा आणि आरशावर टॉवेल टाका, मी खरंच सांगतेय.

रडू येतं त्याची लाज वाटून घेऊ नका. सूज आणि रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतात, झोप झालेली नसते, अंगात औषधं असतात, त्यातून पहिले दोन आठवडे हे असं बऱ्याच जणींना होतं. पण ते कमी न होता वाढत चाललं, किंवा काही नकोसंच वाटायला लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

बिघडलंय कधी म्हणायचं ते मात्र पक्कं लक्षात ठेवा. एका बाजूला तासाभरात फुगत जाणारी, टणक, दुखणारी सूज म्हणजे आत रक्त साठत असू शकतं. हे बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतं पण नंतरही होऊ शकतं, आणि श्वासाला त्रास व्हायला लागला तर फोनवर वाट बघत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी गाठायची. ताप, वाढत जाणारी लाली, गरमपणा, पू, कानामागची त्वचा काळी पडणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं हलणारं काही लागलं तर बहुधा द्रव साठलाय, सर्जन सुईने काढतात, ओपीडीतच होतं ते. तुम्ही लिहिलंय त्यात ह्यातलं काही नाही, पण तपासणीची तारीख मात्र चुकवू नका.

प्रश्न: पुढच्या महिन्यात आईचं नेक लिफ्ट आहे आणि घरी तिच्याबरोबर मी एकटीच असणार. डोकं उंच ठेवा म्हणाले म्हणून मी जाड उशा आणून ठेवल्यात. ड्रेनची मात्र भीती वाटते.

उत्तर: उशा आणल्यात ते ठीक, पण डोक्याखाली तीन उशा रचल्या की होतं काय, डोकं पुढे वाकतं आणि हनुवटी छातीला टेकते. मानेला घडी पडते, नुकतीच बसवलेली त्वचा चुरगळते, रक्तपुरवठा दाबला जातो. उंच ठेवायचं ते पाठीपासून वर सगळं. पाठ आणि खांद्यांखाली उतार करा, डोक्याखाली एखादीच पातळ उशी, किंवा रिक्लायनर असेल तर फारच छान. आडवी झाल्यावर आईची हनुवटी समोरच्या भिंतीकडे, जरा वरच असली पाहिजे. आणि मोबाइल! माझ्या मते पहिल्या दोन आठवड्यांत मानेचा सगळ्यात मोठा शत्रू हाच. मांडीवर फोन घेऊन मान खाली घालून तासभर बसायचं आणि मग सूज का उतरत नाही विचारायचं. डोळ्यांसमोर धरता येत नसेल तर बाजूला ठेवायला लावा. मागे बघायचं झालं तर नुसती मान नाही, खांद्यासकट अख्खं वळायचं, दिसायला विचित्र दिसतं पण दोन आठवडे चालवून घ्यायचं.

ड्रेन सगळेच सर्जन घालत नाहीत. घातलाच तर आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढायला कानामागून एक बारीक नळी येते आणि तिला रबरी बल्ब असतो. तो रिकामा करायचा, दाबून चपटा करायचा आणि दाबलेला असतानाच झाकण लावायचं, म्हणजे आतून ओढ लागते. किती मिलिलिटर निघालं ते वेळेसकट लिहून ठेवा. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं, आणि बहुतेक एक-दोन दिवसांत काढून टाकतात. एकदम लालभडक येऊन बल्ब भराभर भरायला लागला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. निघायच्या आधी नर्सकडून एकदा समोर करून दाखवायला सांगा, लाजू नका.

ऑपरेशननंतर हनुवटीखालून बांधायला पट्टा देतात, तो सांगितलाय तितकाच घट्ट. त्वचा बधिर असल्यामुळे तो रुततोय हे आईला कळणार नाही, तुम्हालाच बोट घालून बघावं लागेल. बाथरूमला जोर करणं, उलटी, जोराचा खोकला ह्यांनी बीपी चढतं आणि रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मळमळ आणि बद्धकोष्ठाची औषधं आधीच लिहून घ्या. दिवसा घरातल्या घरात थोडं थोडं चालवा, पायात गुठळी होऊ नये म्हणून. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी छातीवर पिवळं-जांभळं दिसलं तर दचकू नका, मानेतलं रक्त खाली उतरतंय इतकंच.

प्रश्न: वय ६१, पुरुष. बीपीची गोळी चालू आहे, सिगारेट दिवसाला दोन-तीनच. ऑफिस, गाडी, जिम, दाढी कधीपासून?

उत्तर: साहेब, त्या 'च'वरच माझा आक्षेप आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि कानामागची त्वचा ही रक्त पोचण्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथेच ती काळी पडून मरते. निदान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर पूर्ण बंद, आणि निकोटिनचा गम, पॅच, वेप हेही त्यातच आलं. सर्जनपासून लपवू नका, नुकसान तुमचंच.

दाढीच्या केसांमुळे पुरुषांच्या त्वचेला रक्तपुरवठा जास्त, म्हणून आत रक्त साठण्याचा धोकाही बायकांपेक्षा जास्त, त्यात तुम्हाला बीपी. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई असं काहीही घेत असाल तर सगळी यादी दाखवा, काय थांबवायचं ते तेच ठरवतील. बसायचं काम असेल तर १० ते १४ दिवसांत ऑफिस. गाडी तेव्हा, जेव्हा मान न दुखता वळते आणि तीव्र पेनकिलर बंद झालेल्या असतात. चालणं लगेच, वजनं उचलणं ४ ते ६ आठवड्यांनी, तेही विचारून. दाढीला सर्जननी परवानगी दिल्यावर इलेक्ट्रिक शेव्हर, कारण बधिर त्वचेवर ब्लेड म्हणजे कापून घेणं. आणखी एक गंमत तुम्हाला कोणी सांगितली नसेल, त्वचा मागे ओढल्यामुळे कधीकधी दाढी कानामागेही उगवते, तिथेही शेव्हर फिरवायची सवय करावी लागते.

प्रश्न: चार महिने झाले, कानामागचा वण अजून लालच आहे. केस रंगवू का?

उत्तर: लाल असणारच. वण पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि पूर्ण पिकला तरी ती जागा मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्केच मजबूत होते. सिलिकॉन जेल आणि बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन चालू ठेवा, ऊन लागलं की वण काळपट राहतो. वण जाड होऊन, खाजत, कडेच्या बाहेर पसरतोय असं वाटलं तर थांबू नका, अशा पसरणाऱ्या वणाला केलॉइड म्हणतात, त्यावर इंजेक्शन जितकं लवकर तितकं बरं. केस रंगवा खुशाल, जखम पूर्ण भरलीये ना? फक्त तो भाग अजून बधिर असेल तर रंग लावणाऱ्याला आधी सांगा, आग झाली तरी तुम्हाला कळायची नाही.