खड्डा बिल्डरचा, खापरं कोणाची?

प्रश्न : आमची चाळ पाडून खड्डा खणताना निळ्या नक्षीची खापरं निघाली आणि डंपरमध्ये भरून गेलीसुद्धा. इंग्लंडमध्ये म्हणे बिल्डरच उत्खननाचा खर्च करतो, मग तिथे काम चांगलं होतं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : डंपरचं वाचून फार वाईट वाटलं. इंग्लंडमध्ये १९९० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनेनंतर हे रुळलं, खर्च बिल्डरचा आणि खणणाऱ्या कंपन्या टेंडर भरून काम घेतात, त्यामुळे उत्खननं खूपच वाढली. पण नुसते खड्डे नाहीतर पैसे मोजून काय कळणार हो? किती कामांचे रिपोर्ट पुरे झाले, खापरं धुऊन, नंबर टाकून म्युझियममध्ये पोचली का हे मोजायला हवं, कारण कमी रेटवाल्याला काम मिळालं की कात्री लागते ती मातीचे नमुने तपासण्याला आणि लिखाणाला, आणि रिपोर्ट फाईलीतच पडून राहतो. आपल्याकडे केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आहे, चाळीच्या खड्ड्याला कोण विचारतो? पुन्हा काही दिसलं तर खापर उचलायच्या आधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, किती फुटांवर होतं ते लिहा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लगेच कळवा.