नाशिकमध्ये ‘चांगल्या कामाला’ पैसा लावणारी बँक कोणती?

तुमचे १५ लाख मुदत ठेवीत टाकायचेत आणि ते समाजाच्या, पर्यावरणाच्या कामी यावेत अशी इच्छा आहे. बँकेचं नाव मी सांगणार नाही. शाखेत जाऊन आधी एवढंच विचारा: द्राक्षबागायतदाराला ठिबकसाठी कर्ज देता, तर हप्ता कोणत्या महिन्यात लावता?

बाग निफाडची असो की दिंडोरीची, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी बहार छाटणी, माल साधारण जानेवारी ते एप्रिल. पैसा तेव्हाच येतो. व्यापाऱ्याने थकवला तर आणखी उशिरा. एखादी बँक मात्र पगारदाराला लावावा तसा दरमहा हप्ता लावून मोकळी. नोव्हेंबरात अवकाळी झाला की डाऊनी (बुरशीचा रोग) येतो, फवारण्या वाढतात, डिपिंगची (घड औषधात बुडवण्याची) मजुरी उभी राहते, त्यात हप्ता. मग औषध कृषी सेवा केंद्रातून उधारीवर. उधारीवाल्याला निवड नसते, दुकानदार देईल ते मारायचं. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची याचा हिशोब चुकतो, तपासणीत रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) निघतो, एक्स्पोर्टचा माल लोकलला जातो. माती आणि फवारणारा मजूर यांचं नुकसान कोणत्याच खात्यावर दिसत नाही. व्याजदर तोच ठेवून वर्षाचा हप्ता मे महिन्यात घेतला तर यातलं बरंचसं टळतं. शिवाय ठिबकचं अनुदान संच बसवून तपासणी झाल्यावरच जमा होतं, तोवरची पूर्ण रक्कम कर्जात धरणारी बँक हवी.

‘ग्रीन डिपॉझिट’च्या, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीच वापरायच्या ठेवीच्या, पोस्टरला भुलू नका. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. पैसा कुठे लावणार ते धोरण वेबसाइटवर हवं आणि वापराची दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी हवी. दारू, तंबाखू, २५ मेगावॉटवरचे जलविद्युत प्रकल्प त्यात बसत नाहीत. तपासणीचा अहवाल दाखवता आला नाही तर ती साधी एफडीच समजा. अग्रक्रम क्षेत्राचे (शेती, छोटे उद्योग यांना बँकेने द्यायलाच हव्या त्या कर्जाचे) आकडे तोंडावर फेकले तर विचारा, प्रत्यक्ष कर्ज किती आणि दुसऱ्या बँकेकडून सर्टिफिकेट विकत घेऊन भरलेलं उद्दिष्ट किती.

आता पतसंस्थावाले. ‘गावातला पैसा गावात, वर टक्काभर जास्त व्याज’ हे ऐकून कान किटले. संचालकाच्या मेहुण्याच्या प्लॉटिंगमध्ये गेला तरी पैसा गावातच राहतो, त्याचं कौतुक कसलं? सभासद असाल तर सप्टेंबरअखेरपर्यंतच्या वार्षिक सभेत उठून विचारा: संचालक आणि नातेवाइकांकडे येणं किती, त्यातलं थकीत किती? नुसती भेटवस्तू घेऊन घरी येऊ नका.

सगळ्याच तशा नाहीत, हेही खरं. भाजीवाल्याला पिग्मीच्या भरवशावर कर्ज देणाऱ्या बऱ्याचदा त्याच असतात. पण ठेव विमा महामंडळाचं संरक्षण पतसंस्थेला नाही, बँकेलाच आहे, सहकारी बँकही त्यात आली. तेही एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल अधिक व्याज धरून ५ लाखांपर्यंतच. त्यामुळे चार बँकांत पावणेचार-पावणेचार लाख टाका, तीन वर्षांचं व्याज धरूनही पाचच्या आत राहाल.