आफ्रिकन आयरिस: लिली म्हणावं, वेखंड की आणखी काही?

रावेरहून एका ताईंनी विचारलंय: रोपवाटिकेतून ‘पांढरी लिली’ म्हणून आणलेल्या झाडाला कुणी आफ्रिकन आयरिस म्हणतं, शेजारच्या आजी वेखंड म्हणतात. यातलं खरं कोणतं, मराठी शब्द आहे का, आणि तो आयरिस की ती?

ताई, लिली हे नाव आधी सोडा. नाव चुकलं की निगाही चुकते. लिली समजून माणूस जमिनीत कांद्यासारखा कंद शोधतो आणि फुलं सरली की दांडा छाटून टाकतो. इथे दोन्ही गोष्टी करायच्या नाहीत. फूल हातात धरून पाहा. लिलीचे सहा पुंकेसर उघड दिसतात. यात तीनच असतात आणि तेही मधल्या तीन जांभळट ‘पाकळ्यां’खाली दडलेले. त्या पाकळ्या नव्हेतच, स्त्रीकेसराच्या रुंदावलेल्या शाखा आहेत. बाहेरच्या तीन पांढऱ्या दलांवर पिवळा पट्टा असतो. फूल फिकट पिवळं आणि त्यावर काळपट तपकिरी ठिपके असले, तर ती याचीच दुसरी जात.

आजींची नजर मात्र पक्की आहे. वेखंडाचं कूळ वेगळं, पण पात्यांची ठेवण तीच: एकाच पातळीत, एकाला दुसरं बिलगलेलं, पंख्यासारखं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसलाही हे साम्य जाणवलं होतं. १७५३ साली त्याने युरोपातल्या पिवळ्या आयरिसला ‘स्यूडॅकोरस’ म्हटलं, म्हणजे खोटं वेखंड. ओळखायचं तर पातं चुरगळा. वेखंडाला उग्र सुगंध येतो, याला येत नाही.

झाड मूळचं दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतलं. शास्त्रीय नाव डायटीस, ग्रीकमध्ये ‘दोन नातलग असलेली’: एकीकडे आयरिस, दुसरीकडे त्याच कुळातली मोरिया. तेव्हा काटेकोरपणे ही आयरिसची सख्खी नव्हे, पण कूळ एकच, केशराचंही तेच. मराठीत रुळलेला स्वतंत्र शब्द नाही आणि तो घडवावा असंही मला वाटत नाही. कोशातला ‘परितारिका’ हा शब्द डोळ्यातल्या आयरिसचा, तो फुलावर लादू नये. अननस, पपई जशी आपली झाली तसं आयरिसही होईल.

झाडाच्या अवयवांना मात्र आपलेच शब्द वापरा. तलवारीचं पातं आणि गवताचं पातं मराठीत एकच आहे, त्यामुळे ‘तलवारीसारखी पाने’ असं लिहायची गरजच नाही. जमिनीखालच्या आडव्या खोडाला मराठी विश्वकोशात मूलक्षोड म्हणतात. बोलताना आल्या-हळदीसारखा गड्डा म्हणावं. आणि बाजूला फुटणाऱ्या रोपांना तुमच्याकडे उत्तम शब्द तयार आहे: पील. केळीची पिलबाग धरणाऱ्या मुलखात ‘शाखारोप’ कशाला?

वाढवायचं तंत्रही याच शब्दांत सांगतो. पावसाळ्याच्या तोंडी गर्दी झालेलं बेट उकरा, प्रत्येक पिलाला पात्यांचा पंखा आणि मुळं राहतील असं फोडा आणि गड्डा उथळच लावा. तापीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात गड्डा कुजतो. म्हणून वाफा उंच करा, मुरूम किंवा जाडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा दुपारची सावली हवीच, एरवी ऊन चांगलं. एकदा रुजलं की पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतं. पांढऱ्या जातीचा हिरवा दांडा ठेवा, त्यावर पुन्हा कळ्या येतात. बियांची बोंडं तेवढी खुडा. पिवळ्या जातीचा दांडा वाळला की काढलात तरी चालेल.

राहिलं लिंग. शेवंती, लिली यांच्या ओळीत ‘ती आयरिस’ कानाला बसते, म्हणून ‘आयरिस फुलली’ म्हणा. नुसत्या फुलाबद्दल बोलताना ‘आयरिसचं फूल’ पुरे.